टेक-ऑफनंतर पायलट टॉवरऐवजी आमच्याशीच बोलला! मग टॉवरला कोणी सांगितलं?

गच्चीवरून_धानोरी
मंडळी, प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात सकाळच्या विमानाने पुण्याहून दिल्लीला गेलो. कंपनीचं नाव घेत नाही. सीट २३ एफ, खिडकी. धावपट्टीच्या तोंडाशी वीस मिनिटं उभे, कारण हवाईदलाची सुखोई जोडीजोडीने उडत होती. शेवटी आमचा नंबर लागला. चाकं आत गेल्याचा तो धाडकन आवाज झाला आणि अर्ध्या मिनिटात डोक्यावरच्या स्पीकरमधून (जिथून 'कुर्सी की पेटी' वगैरे येतं तिथून) पायलटचा आवाज: "पुणे ॲप्रोच, नमस्कार," मग विमानाचा नंबर, मग "पासिंग थ्री थाउजंड टू हंड्रेड, क्लाइंबिंग..." आणि खट्! आवाज बंद.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "हे आपल्याला कशाला सांगतोय तो?"

दिल्ली येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. हे नक्की कोणासाठी होतं ते कळतंय, पण ज्याच्यासाठी होतं त्याला ऐकू गेलंच नाही ना? मग त्याने काय केलं? आणि तीन हजार दोनशे फूट म्हणे! मला तर खाली गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या मोजता येत होत्या.

खवचट_सदाशिव
पुण्यातला पायलट आहे. एकदा सांगितलेलं परत सांगणार नाही. ऐकायला आला नाहीत, तुमची चूक.

वाचनमात्र
रुमाल टाकून ठेवतो.

उजवी_सीट
धागाकर्ते, प्रश्न अजिबात बावळट नाही. मी एका कंपनीत को-पायलट आहे, शिक्षण बारामतीला झालं. आधी टाक्यांचं सांगते, कारण ते सोपं आहे. आम्ही उंची सांगतो ती समुद्रसपाटीपासून. लोहगावची धावपट्टी स्वतःच साधारण १९४० फुटांवर आहे. ३२०० म्हणजे तुमच्या टाक्यांपासून जेमतेम साडेबाराशे फूट. टाक्या दिसणारच, झाकण उघडं असेल तर तेही दिसेल.

आता बटणाचं. कॉकपिटमध्ये आमच्या दोघांच्या हाताशी एकेक ऑडिओ पॅनेल असतं. पहिला रेडिओ, दुसरा रेडिओ, केबिन क्रूचा इंटरकॉम आणि पीए म्हणजे तुमच्या डोक्यावरचा स्पीकर, यांची बटणं त्याच पॅनेलवर जवळजवळ असतात. दार बंद झाल्यावर "नमस्कार, मी तुमचा कॅप्टन" केलं आणि निवड तिथेच राहिली किंवा गडबडीत बोट शेजारी पडलं, की असं होतं. उलटंही होतं. दिल्लीचं तापमान अठ्ठावीस अंश, आराम से बैठिए, हे सगळं कंट्रोलरला ऐकवलेले पायलट आहेत. त्यावर फ्रिक्वेन्सीवरचं कोणीतरी हमखास "थँक यू कॅप्टन, चहा मिळेल का?" विचारतं.

गच्चीवरून_धानोरी
उजवी_सीट, दंडवत. पण मूळ प्रश्न राहिलाच. त्या माणसाला ऐकू गेलं नाही त्याचं काय?

आणि एक उपप्रश्न. आम्ही तर निघालो होतो. मग 'ॲप्रोच' कशाला? ॲप्रोच म्हणजे येणाऱ्यांसाठी ना?

निवृत्त_टॉवर
हवाई वाहतूक नियंत्रणात सत्तावीस वर्षं काढली. लोहगावला नव्हतो, आणि असतो तरी इथे सांगितलं नसतं.

लोहगाव हा मुळात हवाईदलाचा तळ, १९३९ पासूनचा. धावपट्टी एकच, १०/२८. म्हणजे चुंबकीय दिशा सुमारे १०० अंश किंवा २८० अंश. नागरी विमानं तिथे भाडेकरू, आणि मालक व भाडेकरू दोघांचंही नियंत्रण हवाईदलाकडेच. तुमची वीस मिनिटं त्यात गेली. लढाऊ विमानांशी बोलणं बऱ्याचदा वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यामुळे तुमच्या पायलटलाही ते सगळं ऐकू येत नाही. त्याला नुसतं "होल्ड पोझिशन" ऐकू येतं आणि तोही तुमच्यासारखाच खिडकीतून बघत बसतो.

आता क्रम. धावपट्टीवर असेपर्यंत टॉवर. टॉवर म्हणजे काचेतून डोळ्यांनी बघणारा माणूस. चाकं सुटली की त्याचं काम संपतं आणि तो पुढच्याकडे सोपवतो. पुढचा रडारसमोर बसलेला असतो. जिथे वर्दळ अफाट तिथे निघणाऱ्यांना 'डिपार्चर' नावाचा स्वतंत्र माणूस मिळतो. इतर ठिकाणी येणारे-जाणारे दोन्ही एकच जण बघतो, आणि त्याला ॲप्रोच म्हणतात. पुण्याहून वर गेलात की पुढे मुंबई कंट्रोल.

त्या पहिल्या हाकेत पायलट उंची का सांगतो? रडारवरच्या ठिपक्याशेजारी विमानातल्या ट्रान्सपाँडरने पाठवलेली उंची दिसते. पायलट तोंडाने सांगतो ती आणि पडद्यावरची जुळते का, हे आम्ही ताडून बघतो. जुळली की "आयडेंटिफाइड". तोवर तो माझ्यासाठी नुसता एक ठिपका असतो.

तुमच्या मूळ प्रश्नावर येतो. जेवण झाल्यावर.

कोथिंबीर_जुडी
काका, जेवण सावकाश करा. तोवर माझी शंका. हे लोक एकमेकांचं बोलणं पोपटासारखं परत का म्हणतात? आमचा भाचा सिम्युलेटरचा गेम खेळतो, त्यात सारखं तेच.

उजवी_सीट
त्याला रीडबॅक म्हणतात. उंची, दिशा, वेग, फ्रिक्वेन्सी, कुठली धावपट्टी, हे सगळं ऐकलं तसं परत म्हणायचं. मी परत म्हणते आणि कंट्रोलर माझं म्हणणं ऐकतो. हा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

१९८९ मध्ये क्वालालंपूरला फ्लाइंग टायगर कंपनीचं मालवाहू बोइंग ७४७ विमान उतरत होतं. कंट्रोलर म्हणाला, "डिसेंड टू फोर झिरो झिरो." त्याला म्हणायचं होतं दोन हजार चारशे. पायलटांनी ऐकलं 'टू', म्हणजे 'पर्यंत', आणि पुढे चारशे. त्यांनी "ओके, फोर झिरो झिरो" असं परतही म्हटलं. तिथे चूक पकडता आली असती, पण कोणी पकडली नाही. विमान टेकडीवर आपटलं, चौघे गेले. नियमाप्रमाणे "टू थाउजंड फोर हंड्रेड फीट" म्हटलं असतं तर प्रश्नच नव्हता. आमच्या सरांनी हा किस्सा पहिल्याच आठवड्यात सांगितला होता. आकड्यांच्या आधी मी आजही 'टू' म्हणत नाही.

कोथिंबीर_जुडी
अरे देवा. आणि 'रोजर' म्हणजे 'हो' ना?

उजवी_सीट
नाही! रोजर म्हणजे फक्त 'तुमचं सगळं ऐकलं'. 'ऐकलं आणि तसं करतो' याला 'विल्को'. 'हो'साठी 'अफर्म'.

कोथिंबीर_जुडी
मग आमच्याकडे एकोणीस वर्षं नुसतं रोजर चालू आहे. विल्को एकदाही नाही. "येताना पनीर आण, पाव किलो." "हो." दारात रिकाम्या हाताने. आजपासून रीडबॅक घेणार.

खवचट_सदाशिव
ताई, नवऱ्याला फ्रिक्वेन्सी बदलायची परवानगी देऊ नका म्हणजे झालं.

सोल्डरवाला
तांत्रिक काडी टाकतो. हे सगळं बोलणं ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर चालतं आणि तेही एएमवर. आपल्या रेडिओ केंद्रांचं एफएम १०८ ला संपतं, त्याच्या थोडं वर. लोक विचारतात की एफएमचा आवाज इतका स्वच्छ, मग विमानात जुनाट एएम का? कारण एफएममध्ये दोघे एकदम बोलले तर जोरकस सिग्नल कमजोर सिग्नलला पार गिळून टाकतो. गिळला गेलेला माणूस बोलत होता याचा पत्ताही लागत नाही. एएममध्ये दोघे एकदम बोलले की कर्कश शिट्टी वाजते. शब्द कळत नाहीत, पण कोणीतरी मध्ये बोललं एवढं कळतं.

तरी ती शिट्टीही पुरत नाही. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफे बेट. दाट धुकं, केएलएम आणि पॅन ॲम या दोन कंपन्यांची ७४७ विमानं एकाच धावपट्टीवर. केएलएमने परवानगी नसताना दौड सुरू केली होती. टॉवर "थांबा, मी सांगतो" म्हणत होता आणि त्याच क्षणी पॅन ॲमवाले "आम्ही अजून धावपट्टीवर आहोत" म्हणत होते. दोन्ही एकमेकांवर चढले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये पोचली ती मुख्यतः शिट्टी. ५८३ माणसं गेली. तेव्हापासून 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरतात. बाकी सगळीकडे 'डिपार्चर'.

विश्रांतवाडी_क्लासिक
सोल्डरवाला, एक विचारू? नव्वदच्या सुमारास आमच्याकडे रस्त्यावरून घेतलेला एक स्वस्त ट्रान्झिस्टर होता. त्यावर एफएमच्या पट्टीत वरच्या टोकाकडे, जिथे कुठलंच स्टेशन लागायचं नाही, तिथे मधूनच इंग्रजीत कुजबुज ऐकू यायची. घशात अडकल्यासारखा आवाज, आठ-दहा सेकंद, की परत खरखर. आजी म्हणायची, सेट बाधित आहे. तिने त्याला हळद-कुंकूसुद्धा वाहिलं होतं. ती विमानं असतील का?

सोल्डरवाला
बहुतेक तीच! एफएम सेट आत १०.७ मेगाहर्ट्झवर काम करतो. फिल्टर भिकार असेल तर तुम्ही लावलेल्या जागेपासून याच्या दुप्पट, म्हणजे २१.४ मेगाहर्ट्झ वरचं स्टेशनही आत घुसतं. १०० वर काटा ठेवलात तर १२१.४ चं भूत दिसतं. त्यातून तुम्ही विश्रांतवाडीला, म्हणजे धावपट्टीच्या २८ नंबरने उडालेलं विमान जवळजवळ डोक्यावरूनच जाणार. आजीचं निदान तसं बरोबरच होतं.

मात्र, हे ऐकण्यासाठी मुद्दाम रिसीव्हर घेऊ नका. आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगायला कायद्याने परवाना लागतो.

पोस्टाचं_पुस्तक
परवान्यावरून आठवलं. साध्या रेडिओलाही लायसन्स लागायचं, पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे, पुस्तकात शिक्का. आमच्या वडिलांनी ते पुस्तक अजून जपून ठेवलंय, रेडिओ कधीच भंगारात गेला. असो, चालू द्या.

शंकासुर
मला एक कळत नाही. २०२५ साल. माणूस मंगळावर गाडी चालवतो आणि हे लोक अजून खरखरीतून 'से अगेन' करतायत? सरळ मेसेज टाका ना. लिहिलेलं आहे, वाचा, अंगठा दाखवा.

उजवी_सीट
आहे की! सीपीडीएलसी म्हणतात, मजकूरच येतो, आम्ही बटण दाबून होकार देतो. समुद्रावर तेच वापरतात, कारण आमचा नेहमीचा रेडिओ सरळ रेषेत चालतो आणि अरबी समुद्रात दूर गेलं की पोचत नाही. नाहीतर एचएफ, म्हणजे लांब पल्ल्याचा रेडिओ, ज्याचा आवाज तव्यावर मोहरी तडतडल्यासारखा येतो. पण टेक-ऑफनंतरच्या पहिल्या दहा हजार फुटांत दोघांचे डोळे बाहेर आणि काट्यांवर असतात. तिथे वाचत बसायला वेळ कुणाला? एक जण विमान चालवतो, दुसरा बोलतो. त्या काळात केबिन क्रूही आम्हाला विनाकारण हाक मारत नाही.

शिवाय आवाजातून कळतं. फ्रिक्वेन्सीवर कोणी घाबरलंय का, ते शब्दांआधी कळतं.

शंकासुर
मान्य. पण अहमदाबादला कोसळलेल्या विमानाने 'मेडे', म्हणजे संकटाची हाक, दिली तरी काय झालं?

निवृत्त_टॉवर
जेवण झालं. हा प्रश्न आला म्हणून आधी याचं उत्तर.

१२ जून २०२५ च्या त्या विमानाने मेडे दिला. कंट्रोलरने कॉल साइन, म्हणजे विमानाचं रेडिओवरचं नाव, विचारलं, उत्तर आलं नाही. प्राथमिक अहवालात एवढं आहे, त्यापुढे मी बोलणार नाही. पण 'काय झालं' याचं उत्तर असं की रेडिओने विमान उडत नाही. पायलटला शिकवतात तो क्रमच असा आहे: आधी विमान उडव, मग दिशा सांभाळ, मग बोल. बोलणं तिसरं. त्या परिस्थितीत त्याने तिसऱ्यासाठी वेळ काढला हेच माझ्यासारख्याला पुष्कळ वाटतं.

दिल्लीत_वाईकर
१९९६ च्या नोव्हेंबरमध्ये मी दिल्लीत नोकरीला होतो. १२ तारखेला संध्याकाळी चरखी दादरीवर दोन विमानं हवेत आदळली. सौदीचं ७४७ नुकतंच दिल्लीहून उडालेलं, कझाकस्तानचं इल्युशिन-७६ उतरायला येत होतं. ३४९ माणसं, दोन्ही विमानांतलं कोणीही वाचलं नाही. आमच्या ऑफिसातल्या एका शिपायाचे मेहुणे सौदीला कामाला निघालेले. दुसऱ्या दिवशी तो आला, रोजच्यासारखा चहा दिला, आणि मग सांगितलं. टॉवरने दोघांना एकाच वाटेवर सोडलं, सगळी चूक टॉवरची, असं तेव्हा सगळे म्हणायचे.

निवृत्त_टॉवर
वाईकर, इथे तुम्हाला थांबवतो. आम्हीही ते ऐकलंय, खूप वर्षं.

वाट एकच होती हे खरं. येणारे-जाणारे एकाच पट्ट्यातून, कारण आजूबाजूचं आकाश हवाईदलाकडे. पण उंची वेगळी दिलेली होती. सौदीला चौदा हजारांपर्यंत चढायची परवानगी, कझाकला पंधरा हजारांपर्यंतच उतरायची. मध्ये हजार फूट. कंट्रोलरने कझाकला समोरून ७४७ येतंय हेही सांगितलं होतं. तरी ते पंधराच्या खाली आले. चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने ठपका कझाक विमानावर ठेवला, टॉवरवर नाही.

आणि खाली का आले, तर त्यांच्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळाच होता. त्याच्यासमोर स्वतःचा उंची दाखवणारा काटा नव्हता, पायलटांच्या खांद्यावरून डोकावून बघावं लागायचं. ऐकणारा एक, उडवणारा दुसरा, इंग्रजी तिघांचंही बेताचं.

दिल्लीच्या कंट्रोलरच्या पडद्यावर तेव्हा उंची दिसत नव्हती, नुसते ठिपके. त्यामुळे पायलट तोंडाने सांगेल तीच उंची. म्हणून मघाशी तुम्हाला म्हटलं की आकडा जुळेपर्यंत तो माझ्यासाठी ठिपकाच असतो. या अपघातानंतर आपल्याकडे विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

मायमराठी_हट्टी
इंग्रजी बेताचं हे कारण असेल तर पुण्याच्या विमानाने पुण्याच्या टॉवरशी मराठीत का बोलू नये? फ्रान्समध्ये फ्रेंच चालतं असं वाचलंय.

निवृत्त_टॉवर
चालतं, आणि नियमातही बसतं. पण फ्रिक्वेन्सी म्हणजे दोघांचा फोन नाही. एकाच वेळी दहा विमानं ऐकत असतात. पुढचं विमान अजून धावपट्टीवरून बाहेर पडलेलं नाही हे मागच्याला कळायला हवं, आणि मागचा दोह्याहून येत असेल तर त्याला तुमचं "थांबा हो जरा" कळणार नाही. आमची मराठी भेटताना आणि सुटताना तेवढी. "नमस्कार" होतो, "जय हिंद" होतो, तेवढ्यावर भागवा.

मायमराठी_हट्टी
नमस्कार मराठीच झाला ना? मग जिंकलो. हाय काय अन् नाय काय.

शंकासुर
पण गर्दीच्या वेळी नमस्कार आणि जय हिंदही वेळ खातात. असंही वाचलंय की कडक शिस्तीत ते नको म्हणतात.

उजवी_सीट
गर्दी असेल तर कोणीच म्हणत नाही. पहाटे चारला, अख्ख्या आकाशात आपण तिघेच असताना, कोणीतरी "गुड डे, जय हिंद" म्हटलं की बरं वाटतं हो. एवढं तरी राहू द्या.

खवचट_सदाशिव
पुणे टॉवर मराठीत: "धावपट्टी दुपारी एक ते चार बंद राहील. घिरट्या घालून विचारू नये."

उजवी_सीट
हसू नका, आपली धावपट्टी खरंच बंद होती! ऑक्टोबर २०२० पासून वर्षभर रात्री आठ ते सकाळी आठ डांबरीकरण, आणि शेवटी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ पूर्ण बंद. एक ते चार परवडलं असतं.

गच्चीवरून_धानोरी
धागा पार भरकटलाय, पण मजा येतेय. काका, माझा प्रश्न!

निवृत्त_टॉवर
विसरलो नाही. त्या सकाळी ॲप्रोचवर मी बसलो असतो तर काय झालं असतं ते सांगतो.

टॉवरने मला कळवलेलं असतं की अमुक विमान उडालं. पडद्यावर तुमचा ठिपका दिसतो, चढतोय, दिशाही बरोबर. हाक नाही. मी चार-पाच सेकंद थांबतो, कारण पायलटचे हात भरलेले असतात. मग मी स्वतः हाक मारतो आणि विचारतो, "हाउ डू यू रीड?" उत्तरात एक ते पाच आकडा येतो, पाच म्हणजे खणखणीत. बहुतेक वेळा इथेच विषय संपतो.

उत्तर नाहीच आलं तर टॉवरला विचारतो, अजून तुझ्याच फ्रिक्वेन्सीवर आहे का? असतात, बऱ्याचदा बदलायला विसरलेले असतात. मग १२१.५ वर हाक. ती आणीबाणीची फ्रिक्वेन्सी, सगळे कान ठेवून असतात. तेही नाही, तर कोड बघतो. रेडिओ गेलाय हे कळल्यावर पायलट ट्रान्सपाँडरवर ७६०० लावतो, माझ्या पडद्यावर ते लगेच उठून दिसतं. मग मी बाकीच्यांना त्याच्या वाटेतून बाजूला काढतो, आणि तो आधी मिळालेल्या परवानगीप्रमाणे जात राहतो. परत आलाच तर टॉवरमधून दिवा दाखवतात. स्थिर हिरवा म्हणजे उतर.

तुमच्या बाबतीत यातलं काही लागलं नसणार. "क्लाइंबिंग"नंतर 'खट्' आलं ना? ते शेजारच्या पायलटचं बोट असावं. आपल्या साथीदाराचा आवाज दारामागून, केबिनमधून येतोय हे त्याच्या कानांनी पकडलं. पुढच्या दोन सेकंदांत तेच वाक्य योग्य बटणावर परत म्हटलं गेलं असेल, आणि ते तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण ते तुमच्यासाठी नव्हतं.

उजवी_सीट
+१. आणि त्या को-पायलटला दिल्लीपर्यंत चहा पाजावा लागला असणार. अनुभवाचे बोल.

गच्चीवरून_धानोरी
साष्टांग, काका. समाधान झालं. काकूंचा नंबर घेतला असता तर त्यांनाही कळवलं असतं.

काल रात्री परत आलो. यावेळी १७ ए. उतरेपर्यंत स्पीकरकडे कान लावून बसलो होतो. कुर्सी की पेटी आणि तापमान, बाकी काही नाही. जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

कोथिंबीर_जुडी
इकडचं अपडेट: आज रीडबॅक बरोबर आला, पाव किलो पनीर, एक जुडी कोथिंबीर. वर "विल्को" सुद्धा म्हणाला. आत्ता दारात उभा आहे. कोथिंबीर आहे.